दुर्री-तिर्री खेळायची की टाकायची

बनारसला माझी बदली झाली तेव्हा मला पत्त्यांत बदाम सात आणि मेंढीकोट एवढंच येत होतं. दिवाळीत मामाकडे तीन पत्ती व्हायची, पण तिथे पुरुष बसायचे आणि आम्ही मुली दारातून बघायचो. त्यामुळे पस्तिशी ओलांडल्यावर दुर्गाघाटावरच्या एका गच्चीत, समोर चिंचोक्यांचा ढीग घेऊन मी पोकर शिकेन असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी बँकेत आहे, मूळची सांगलीची. बदलीच्या नोकरीत एकटीनं राहायची सवय झालेली. ऑफिसातल्या एकानं दुर्गाघाटच्या गल्लीतलं हे घर दाखवलं. मालक मराठी आहेत म्हणाला. मला वाटलं, आपल्यासारखेच नोकरीपायी आलेले असतील. पण हे लोक इथलेच निघाले. कितव्या पिढीपासून इथे आहेत ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. घरात मराठीच बोलायचे, पण त्यांच्या मराठीत भाजीला तरकारी म्हणत आणि उगाचला खामखा. काका इंटर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. काकूंचं माहेर बालाजी घाटाजवळ, म्हणजे चार गल्ल्या पलीकडे. "सासर इतकं जवळ की पाठवणीच्या वेळी रडणं पुरं व्हायच्या आत पोचले," असं त्या सांगायच्या.

त्यांना एकच मुलगी. ती माझ्याच वयाची, आणि मोठ्या प्रवासी जहाजावर नोकरीला होती. नातेवाइकांना काकू सांगायच्या, हॉटेल लाइनमध्ये आहे. ते अगदीच खोटं नव्हतं, कारण जहाजावर हॉटेलही असतंच. पण ती काम करायची जहाजाच्या कॅसिनोत. पत्ते वाटायचं काम. महिनोन् महिने समुद्रावर राहायची आणि मग मोठ्या सुट्टीवर घरी यायची. मी राहायला गेले त्या वर्षी ती दिवाळी झाल्यावर आली आणि थंडीभर राहिली.

पहिल्याच रविवारी ती गच्चीवर सतरंजी टाकून बसली. आमच्या गच्चीला वरूनही जाळी आहे, नाहीतर माकडं काही ठेवत नाहीत. काका उन्हात पाठ शेकत होते. काकू मटार सोलत होत्या. तिनं पत्ते पिसायला सुरुवात केली आणि आम्ही तिघंही तिच्या हातांकडे बघत राहिलो. पत्ते पिसल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता.

"तीन पत्ती?" काकांनी विचारलं.

"नाही. याच्यात ढीग दोघांत वाटला जातो. एक जिंकतो सगळ्यात भारी पत्त्यांवर, आणि दुसरा सगळ्यात हलक्या पत्त्यांवर."

"मतलब हरणारा पण जिंकतो?"

"हरणारा नाही, बाबा. हलका."

काका खुश झाले. गणितवाल्या माणसाला असा नियम आवडणारच.

खेळ समजायला अवघड नव्हता. प्रत्येकाला चार पत्ते मिळतात. मध्ये पाच पत्ते उघडे पडतात, ते सगळ्यांचे. आपल्या हातातले नेमके दोन आणि मधले तीन घेऊन पाच पत्त्यांचा संच करायचा. अर्धा ढीग भारी संचाला. उरलेला अर्धा हलक्या संचाला, पण त्यासाठी पाचही पत्ते वेगवेगळे आणि अठ्ठी किंवा त्याखालचे हवेत. एक्का दोन्हीकडे चालतो, वरही आणि खालीही. हलका संच कुणाचाच झाला नाही तर भारीवाला सगळंच नेतो. चार पत्ते हातात आले की पहिला निर्णय: खेळायचं, म्हणजे एक चिंचोका मध्ये सरकवायचा, की पत्ते टाकून द्यायचे. टाकण्याला आम्ही तीन पत्तीतला शब्दच लावला, पॅक.

ती स्वतः खेळायची नाही. फक्त वाटायची. "सुट्टीत पण वाटतेस?" असं मी विचारलं तर म्हणाली, "खेळायला मला येत नाही चांगलं. बघायला येतं."

हातात एक्का आणि दुर्री आली तर खेळायचं, यात काही विचार करायला नको. राजा, दश्शी, नव्वी आणि छक्की असं काहीतरी विस्कटलेलं आलं तर टाकायचं, त्यातही विचार नाही. सगळी गंमत मधल्या पत्त्यांची होती. उदाहरणार्थ दुर्री आणि तिर्री, पण एक्का नाही. दिसायला किती हलकी जोडी. पण मध्ये चौकी, सत्ती आणि अठ्ठी पडली की समोरच्याची एक्का-दुर्री तुमच्यापेक्षा हलकी ठरते. एक्का-तिर्रीसुद्धा. तुम्ही तिसरे. दुर्री-तिर्री खरी कामाला येते ती मध्ये एक्का पडला तरच. आणि एक्का मध्ये पडायचा तर तो गड्डीत उरलेला हवा.

"जितके जास्त लोक खेळात उतरलेत," ती म्हणाली, "तितके एक्के त्यांच्या हातात असण्याची शक्यता जास्त. नाहीतर ते उतरलेच कशाला असते? नऊ जण बसले असतील तर एक्क्याशिवाय दुर्री-तिर्री सरळ टाकायची."

"आणि तिघं असतील तर?" मी विचारलं.

तिनं हात थांबवले. "तिघं असतील तर सांगता येत नाही. बाकीचे दोन पत्ते काय आहेत बघायचं. राजाची जोडी असली तर वरचाही रस्ता आहे. नव्वी आणि गुलाम असले तर काहीच नाही. शेवटी बोलायची पाळी कुणाची तेही बघायचं. शेवटी बोलणाऱ्याला बाकीच्यांचं समजलेलं असतं."

मला तिचं हे "सांगता येत नाही" फार आवडलं. दिवसभर कर्जाच्या फायली बघणारी मी. तिथेही सरळ होकाराच्या आणि सरळ नकाराच्या फायलींना वेळ लागत नाही, वेळ लागतो मधल्यांना. मी मनातल्या मनात माझे नियम करायला लागले आणि दर रविवारी ते बदलायला लागले.

एकदा मध्ये एक्का, पंजी, अठ्ठी, राजा आणि गुलाम असे पडले. माझ्याकडे दुर्री-तिर्री होती. याहून हलका संच होऊच शकत नव्हता. मी आनंदानं शेवटपर्यंत चिंचोके टाकत गेले. तिघांनीही बारा-बारा टाकले होते. काकूंकडे राजाची जोडी निघाली, त्यामुळे वरचा अर्धा, म्हणजे अठरा, त्यांचे. खालचा अर्धा माझा. पण काकांनीही दुर्री-तिर्रीच उघडली. मग अठराचे पुन्हा दोन भाग. मी टाकलेले बारा, हाती आले नऊ.

"जिंकून हरलो आपण," काका मला म्हणाले. पुढे आठवडाभर ते जिन्यात भेटले की हेच म्हणायचे.

त्या दिवसापासून माझं काकांच्या पत्त्यांकडे लक्ष गेलं. आणि मला दिसलं की काका दुर्री-तिर्री कधीच टाकत नाहीत. बाकीचे पत्ते कसेही असोत, पाळी पहिली असो की शेवटची. दुर्री-तिर्रीच कशाला, छक्की-सत्ती-अठ्ठी-नव्वीसारखे साखळीचे पत्तेसुद्धा ते धरून बसायचे, जे सुंदर दिसतात पण वरचा अर्धा धड देत नाहीत आणि खालचाही नाही. आणि ज्यांचे चिंचोके सगळ्यात आधी संपायचे ते काकाच. ज्या माणसानं जन्मभर पोरांना संभाव्यता शिकवली, तो असं का खेळतो? मला हे कोडं लागलं.

मी त्यांना सरळ विचारलं. ते हसून म्हणाले, "आठवतात मला, एक्के आठवतात," आणि पाठ शेकायला सरकले. उत्तर प्रश्नाशी जुळत नव्हतं. मला वाटलं, टाळतायत.

मुलीला विचारलं. ती म्हणाली, "कंटाळा. जहाजावर सगळे असेच खेळतात. सुट्टीवर आलेला माणूस पत्ते टाकून बघत बसायला येत नाही. त्याला खेळात राहायचं असतं, मग पत्ते कसेही असोत."

पण काका कंटाळणारे नव्हते. एक भूमितीचं कोडं घेऊन ते अख्खी दुपार खिडकीत बसलेले मी पाहिले होते.

मग धुकं सुरू झालं. जानेवारीत दोन-तीन रविवार सूर्यच दिसला नाही. गच्चीवर बसणं अशक्य, म्हणून आम्ही खालच्या छोट्या खोलीत बसायला लागलो. दार लावलेलं, खिडकी लावलेली, एका रजईत चौघांचे पाय. आणि तिथे काका एकदम शहाण्यासारखे खेळायला लागले. दुर्री-तिर्री आली, बाकी काही नाही, पॅक. साखळी आली, पॅक. पत्ते टाकायचे आणि रजईत हात घालून आमच्या गप्पांत भाग घ्यायचे. त्यांनी स्वतःला सुधारून घेतलं असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी ऊन पडलं, आम्ही गच्चीवर गेलो, आणि काका पुन्हा पहिल्यासारखे. चार फालतू पत्ते घेऊन म्हणाले, "मी आहे."

आता मला चैन पडेना. तोच माणूस, तेच पत्ते, तेच चिंचोके. खोलीत टाकतो आणि गच्चीवर खेळतो. उन्हानं माणसाला धीर येतो का? की रजईत बसल्या बसल्या हात बाहेर काढायचा आळस? मी हे काकूंना बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "त्यांचं काय, ते असेच आहेत. चाळीस वर्षं मी कोडं सोडवलं नाही, तू कशाला सोडवतेस?"

जानेवारी संपत आलेला. त्या रविवारी हवा स्वच्छ होती. खाली पंचगंगा घाटाच्या बाजूला मोटरबोटींची ये-जा चाललेली, शेजारच्या देवळात लाउडस्पीकर. काकूंनी चुडा-मटार, म्हणजे मटार घातलेले पोहे, केला होता, आल्याचा वास सुटलेला. मुलगी पत्ते वाटत होती. खाली बघत, हळू आवाजात, पत्ता टाकता टाकता ती म्हणाली, "आई, बाबा, मी पुढचं कॉन्ट्रॅक्ट घेतलंय. मार्चमध्ये जाणार."

काकूंचा हात वाटीवर थांबला. गेलं वर्षभर घरात हाच विषय होता. ती आता परत जाणार नाही, इथेच काहीतरी बघेल, असं काकू सगळ्यांना सांगत होत्या. मी काकांकडे बघितलं.

काकांनी आपले चार पत्ते उचलले, लावले, आणि एक चिंचोका मध्ये सरकवला. "मी आहे," ते म्हणाले. "बोला, अजून कोण आहे?"

मुलगी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग गड्डी खाली ठेवून उठली आणि जिना उतरून गेली. काकू तिच्या मागे गेल्या. जाताना काकांना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही पण ना."

"काय झालं?" काकांनी मला विचारलं. "डाव मोडला?"

मी पत्ते गोळा करत होते. खाली बघतच म्हणाले, "ती जाणार म्हणाली ना, मार्चमध्ये."

"हो, हो," काका म्हणाले, आणि चुड्याची वाटी जवळ ओढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बँकेतून आले तर मुलगी माझ्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसलेली. डोळे लाल. "बाबा रागावले असते तर चाललं असतं," ती म्हणाली. "नको जाऊ म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मी एवढं सांगते आणि ते चिंचोका टाकतात? आज सकाळपासून माझ्याशी नेहमीसारखे बोलतायत, जसं काही झालंच नाही. ही कसली शिक्षा?"

"काका असे नाहीत," मी म्हणाले.

"मला काय माहीत, कसे आहेत? मी वर्षातले किती दिवस घरी असते?"

तिला जरा वेगळ्या विषयावर न्यावं म्हणून मी माझं कोडं तिला सांगितलं. गच्चीवर खेळतात, खोलीत टाकतात. मी उन्हाचं आणि रजईचं माझं शहाणपणही सांगितलं, ती हसावी म्हणून. ती हसली नाही. तिनं विचारलं, "खोलीत दार लावलेलं होतं?"

"हो. धुकं येत होतं ना."

"आणि आपण सगळे जवळ."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. कोण आधी बोललं ते आता आठवत नाही. बहुतेक तीच. "त्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "जहाजावर निम्मे म्हातारे असतात. त्यांच्याकडे तोंड करून बोलायचं, हातानं खूण करायची, हे मला शिकवलेलं आहे. मी रोज करते ते."

आम्ही दोघी खाली गेलो. काकू देवळात गेल्या होत्या. काका दाराकडे पाठ करून पेपर वाचत होते आणि स्वयंपाकघरात नळ वाहत होता. ती त्यांच्या मागे उभी राहिली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "बाबा, चहा घेणार?"

काकांनी पान उलटलं.

तिनं नळ बंद केला, समोर जाऊन बसली आणि तेच विचारलं. "हो, आण ना," काका म्हणाले. मग तिचा चेहरा बघून त्यांनी पेपर खाली ठेवला. मी दारात उभी होते. मला जावंसं वाटलं, पण त्यांनीच मला हातानं बसायला सांगितलं.

"किती दिवस झाले, बाबा?"

काकांनी टाळाटाळ केली नाही. "दोन वर्षं असतील. ट्यूशनची पोरं मागून काही विचारायची, ते कळेना. आधी वाटलं पोरं हळू बोलतात. मग समजलं, पोरं पहिल्याएवढ्याच आवाजात बोलतात."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की लोक ओरडून बोलायला लागतात. माझ्या वडिलांशी आम्ही सगळे ओरडून बोलायचो. ओरडून कुणी गप्पा मारत नाही, बेटा. ओरडून माणूस कामाचंच बोलतो. जेवलात का, औषध घेतलं का, दार लावा. शेवटची किती वर्षं त्यांना कुणी एक किस्सा सांगितला नाही."

मला राहवलं नाही. मी त्यांच्या समोर जाऊन विचारलं, "आणि दुर्री-तिर्री?"

ते हसले. "दुर्री-तिर्रीत दम नाही हे मला काय माहीत नाही? पण पॅक केलं की तुम्ही तिघी गप्पा मारता. गच्चीवर हवा, खाली बोटी, शेजारी देऊळ. मला एक अक्षर लागत नाही. नुसतं तोंडाकडे बघत बसावं लागतं. हातात पत्ते असले की तुम्ही माझ्याकडे वळता. काका, आहात का? बाबा, तुमची पाळी. तेवढं कळतं. चार-दोन चिंचोक्यांत तेवढं मिळत असेल तर महाग नाही."

मी महिनाभर ज्याचा हिशोब लावत होते तो असा निघाला. मी तर फक्त चिंचोके धरले होते.

मुलगी रडत होती. काकांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काल तू काहीतरी बोललीस. मग उठून गेलीस. तुझी आई रात्रभर बोलली नाही. मी विचारणार होतो, पण विचारलं तर सगळंच उघडं पडेल, म्हणून थांबलो. आता सांग. माझ्याकडे बघून सांग."

तिनं सांगितलं. काकांनी पेपरची घडी घातली. खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"कोणत्या समुद्रात?" त्यांनी शेवटी विचारलं.

"या वेळी युरोपाकडे."

"थंडी असेल."

"नाही, उन्हाळा सुरू होईल तिथे."

"मग जा," काका म्हणाले. "मला नको वाटतंय, ते वेगळं. तुझ्या आईला तर फारच नको वाटेल. पण तुझं काम तुला आवडतं, हे तू पत्ते पिसतेस तेव्हा दिसतं. फक्त ही गोष्ट पत्त्यांकडे बघून सांगायची नव्हती."

"तुमच्याकडे बघून सांगायची हिंमत नव्हती."

"ते पण ठीक आहे," काका म्हणाले.

काकू आल्या तेव्हा त्यांना दोन्ही गोष्टी एकदम समजल्या, काकांचे कान आणि काकांचा होकार. मुलीच्या जाण्याचं त्यांनी आदल्या रात्रीच रडून घेतलं होतं. त्यांचा सगळा राग कानांवर निघाला. "दोन वर्षं मी हाका मारतेय ते काय खामखा? मला वाटायचं तुम्ही जाणून-बुजून करता."

"थोडं जाणून-बुजून पण होतं," काका म्हणाले.

काकू एवढ्या जोरात हसल्या की तेवढं तर त्यांना नक्कीच ऐकू गेलं.

कानाच्या डॉक्टरकडे आम्ही चौघंही गेलो. काकांना बंद खोलीत बसवून कानात वेगवेगळे आवाज सोडले आणि त्याचा आलेख काढला. काकांना यंत्रापेक्षा आलेखातच जास्त रस. घरी आल्यावर त्यांनी तो कागद आम्हाला फळ्यावरच्या आकृतीसारखा समजावून सांगितला. जाड आवाज जवळजवळ ठीक होते. रेघ खाली कोसळत होती ती बारीक आवाजांकडे. "आता बघा, तुम्ही तिघी नेमक्या या उतारावर बसता," त्यांनी बोट ठेवलं. "आणि बोटीचं इंजिन इथे, वर. ते मला स्पष्ट ऐकू येतं. काय उपयोग?"

कानात मशीन बसलं, पण ते त्यांना आवडलं असं म्हणता येणार नाही. पहिल्या दिवशी त्यांनी तक्रार केली की पेपर वाचणं अशक्य आहे, पान उलटलं की पत्रा पडल्यासारखं होतं. घाटावर फिरायला जाताना ते काढून खिशात ठेवायचे. लाउडस्पीकर दुप्पट ऐकण्यात काय अर्थ आहे, असं म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. मला मात्र एकदा जिन्यात थांबवून म्हणाले, "तू वर जाताना रोज गुणगुणतेस?" मला स्वतःला हे माहीत नव्हतं. तेव्हापासून मी जिना जपून चढते.

पण रविवारी गच्चीवर ते मशीन लावून आले. पहिल्याच डावात त्यांनी पत्ते उचलले, बघितले, आणि उपडे टाकले. "पॅक." मग मागे भिंतीला टेकले, पाय लांब केले आणि आमच्याकडे बघत बसले, ऐकायला.

आम्हा तिघींना बोलायला काही सुचेना. इतके महिने आम्ही काय बोलत होतो? काकू मटारच्या भावाबद्दल काहीतरी म्हणाल्या. मी हो म्हणाले. मुलगी पत्ते वाटायचं थांबवून हसायला लागली. शेवटी काकाच म्हणाले, "हेच बोलत होता का तुम्ही? मी बरा खेळत होतो."

मार्चमध्ये मुलगी गेली. स्टेशनवर काकू रडल्या आणि काकांनी तिला खिडकीतून तीन-तीनदा तेच विचारलं, पासपोर्ट आहे ना. गाडीच्या आवाजात त्यांना उत्तर ऐकू येत नव्हतं, म्हणून तिनं प्रत्येक वेळी पासपोर्ट काढून दाखवला. आता ती फोन करते तेव्हा चेहरा कॅमेऱ्याजवळ आणून बोलते, आणि कामाचं बोलून झाल्यावर एखादा किस्सा सांगते. कुठल्या तरी आजोबांनी पत्ते बघायच्या आधीच खेळतो म्हणून सांगितलं, असलं काहीतरी.

आम्ही तिघं अजून रविवारी बसतो. वाटणारी नाही म्हणून पाळीपाळीनं वाटतो. उन्हाळा लागल्यावर सकाळीच खेळून घेतो. काका आता काटेकोर खेळतात आणि सारखे जिंकतात, आणि माझे मधल्या पत्त्यांचे नियम अजूनही दर आठवड्याला बदलतात. तिघंच असताना काय करावं हे मला आजही पक्कं सांगता येत नाही.

काकांच्या जिंकण्याचं मला आधी वाटलं, गणित. मग एका रविवारी काकूंनी पत्ते उचलले आणि काकांनी हातात बरे पत्ते असताना लगेच पॅक केलं. डाव संपल्यावर मी त्यांना हळूच विचारलं. त्यांनी कानातल्या मशीनवर बोट ठेवलं.

"ती बोलते," ते म्हणाले. "चांगले पत्ते आले की ओठांतल्या ओठांत म्हणते, हं, बरं आहे. इतके दिवस मला कधी ऐकू आलं नव्हतं. तुला माहीत होतं?"

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मुलीलाही माहीत होतं. काकूंना तेवढं माहीत नव्हतं, आणि अजूनही कुणी त्यांना सांगितलेलं नाही. त्या समोर बसून पत्ते पिसत होत्या आणि विचारत होत्या की आम्ही दोघं काय कुजबुजतोय.